इंजिन बदलावं, पण केव्हा?

१२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटी या कंपनीने एक नवं शुल्क जाहीर केलं आणि जगभर हौसेने व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांत एकच खळबळ उडाली. गंमत म्हणजे ते शुल्क त्यांच्यापैकी जवळपास कुणालाच लागू होणार नव्हतं. मोफत आवृत्तीत बनवलेल्या गेमने मागच्या बारा महिन्यांत दोन लाख डॉलर कमावले असतील आणि तो आजवर दोन लाख वेळा इन्स्टॉल झाला असेल, तरच त्यापुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे वीस सेंट द्यायचे, असा तो नियम होता. नोकरी सांभाळून, रात्रीची जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप उघडणाऱ्या माणसाचा गेम दोनशे जणांनी खेळला तरी पुष्कळ झालं. तरीही पुढचे कित्येक आठवडे या हौशी मंडळींत एकच प्रश्न घोळत राहिला: आता दुसरं इंजिन शिकायचं का? त्याचं उत्तर शोधताना बहुतेकांनी दोन इंजिनांच्या वैशिष्ट्यांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहिल्या. कुणाचा प्रकाश चांगला, कुणाचं थ्रीडी सरस, वगैरे. माझ्या मते या याद्यांनी फसगतच होते. निर्णय ज्या दोन गोष्टींवर व्हायला हवा त्या तिथे नसतातच. हे साधन आपल्याकडे कोणत्या अटींवर आहे, ही पहिली. आणि आत्ता आपल्या हातात अर्धवट गेम आहे की नाही, ही दुसरी.

गेम न बनवणाऱ्या वाचकासाठी इंजिन म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं. पडद्यावर एखादं पात्र उडी मारतं तेव्हा आत बरंच काही चाललेलं असतं. सेकंदाला साठ वेळा चित्र नव्याने काढायचं, पाय जमिनीला टेकले का याचं गणित दर वेळी मांडायचं, बटण दाबलं गेलं का ते पाहायचं, आवाज वाजवायचा, आणि हे सगळं विंडोजवर, अँड्रॉइडवर, ब्राउझरमध्ये सारखंच चालवून दाखवायचं. हे प्रत्येकाने पहिल्यापासून लिहायचं म्हटलं तर गेम राहील बाजूलाच. म्हणून हे सगळं काम तयार करून देणारं सॉफ्टवेअर वापरतात; तेच गेम इंजिन. युनिटीचा जन्म कोपनहेगनचा. तिघांनी मिळून ‘गूबॉल’ नावाचा गेम केला, तो चालला नाही, पण त्यासाठी बांधलेलं साधन त्यांनी २००५ मध्ये मॅकसाठी विकायला काढलं आणि ते चाललं. २००९ मध्ये मोफत आवृत्ती आली. त्यापूर्वी चांगलं इंजिन म्हणजे स्टुडिओला परवडणारी वस्तू होती. आता कॉलेजातल्या पोरालाही ते मिळू लागलं. ‘होलो नाइट’सारखे छोट्या चमूंचे गाजलेले गेम त्यातूनच आले. शिकवण्या, पुस्तकं, अभ्यासक्रम, तयार चित्रं आणि कोड विकणारं ऑनलाइन दुकान, हा सगळा पसारा युनिटीभोवती उभा राहिला आणि हौशी मंडळींची अख्खी पिढी त्यात वाढली.

मग शुल्क लागू होणारच नव्हतं तर या पिढीने अस्वस्थ का व्हावं? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो वजनदार आहे. त्याचं उत्तर शुल्काच्या रकमेत नाही, ते लावण्याच्या पद्धतीत आहे. १ जानेवारी २०२४ पासून होणारी आकारणी पूर्वीच बाजारात आलेल्या गेमनाही धरून होती. म्हणजे २०१८ मध्ये त्या वेळच्या अटी वाचून, हिशेब करून कुणी गेम काढला असेल, तर त्याच्याही पुढच्या इन्स्टॉलवर नवा दर. भाडेकरू अकरा महिन्यांचा करार करून राहायला यावा आणि मालकाने मध्येच सांगावं की आजपासून घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागे पैसे द्या, तसला हा प्रकार. शिवाय याला एक इतिहास होता. २०१९ मध्ये इम्प्रॉबेबल नावाच्या कंपनीशी झालेल्या वादानंतर युनिटीने हमी दिली होती की, तुम्ही इंजिनाची जी आवृत्ती वापरता तिच्याच अटींवर राहू शकाल. २०२३ मध्ये लोक ही हमी करारात शोधायला गेले तेव्हा ती तिथून गेलेली होती. गदारोळ इतका झाला की दहा दिवसांत कंपनीने नियम बदलला, मोफत आवृत्तीला शुल्कातून वगळलं. ऑक्टोबरमध्ये मुख्य अधिकारी जॉन रिचिटेलो पायउतार झाले, आणि बरोबर वर्षाने, १२ सप्टेंबर २०२४ रोजी, ते शुल्क पूर्णपणे रद्द झालं.

रद्द झालं म्हणजे विषय संपला, असं म्हणता येईल. व्यावसायिक स्टुडिओपुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. त्याच्याकडे वकील असतो, हिशेबनीस असतो, दर वाढला तर तो गेमची किंमत वाढवतो. हौशी माणसाचं गणित निराळं आहे. त्याने इंजिनात पैसे गुंतवलेले नसतात, सवय गुंतवलेली असते. कोणतं बटण कुठे आहे, कोणती चूक कशामुळे येते, पात्र भिंतीत अडकलं तर आधी काय तपासायचं, हे सगळं फुरसतीच्या तासांतून हळूहळू साठतं, आणि हेच त्याचं भांडवल. कंपनीने उद्या शुल्क लावलं तर त्याचं फारसं बिघडत नाही. कंपनीने साधनच बंद केलं, किंवा ते अशा अटींवर ठेवलं की वापरावंसं वाटेनासं झालं, तर मात्र त्याचं सगळं भांडवल बुडतं. हे नुसतं कल्पनेतलं भय नाही. ॲडोबीने जुलै २०१७ मध्ये फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर ते संपलं. ब्राउझरमध्ये चालणारे असंख्य छोटे गेम ज्या साधनाने बनले, ते साधन एका कंपनीच्या निर्णयाने गेलं. ते गेम आज पाहायला मिळतात ते रफलसारखी नक्कल-सॉफ्टवेअरं आणि जतन करणारे स्वयंसेवक यांच्या कृपेने.

याच्या शेजारी दुसरं उदाहरण ठेवून पाहावं, कारण त्यातच माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा आहे. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सएनए नावाची चौकट काढली होती. घरबसल्या माणसाला सी शार्प भाषेत एक्सबॉक्ससाठी गेम लिहिता यावा, हा तिचा हेतू. ‘टेरेरिया’ त्यातच लिहिला गेला, ‘स्टारड्यू व्हॅली’सुद्धा. २०१३ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने तिचा विकास थांबल्याचं स्पष्ट केलं. फ्लॅशसारखाच हा मृत्युलेख ठरायला हवा होता. पण इथे काही मंडळींनी त्याच नावांच्या, त्याच पद्धतीने वागणाऱ्या आज्ञा नव्याने, खुल्या परवान्याखाली लिहून काढल्या. मोनोगेम आणि एफएनए हे ते दोन प्रकल्प. परिणाम असा की ‘स्टारड्यू व्हॅली’ २०२१ मध्ये मोनोगेमवर गेला आणि आजही वाढतो आहे. ज्यांचे हात एक्सएनएवर बसले होते त्यांचं शिकलेलं वाया गेलं नाही. २०२३ च्या त्या गदारोळात ‘टेरेरिया’च्या री-लॉजिक कंपनीने एफएनए आणि गोदो या दोन खुल्या प्रकल्पांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले, शिवाय दरमहा हजार-हजार डॉलर देण्याचं कबूल केलं. एका बंद साधनाचा अंत स्वतः पाहिलेल्या लोकांनी हे करावं, याला अर्थ आहे.

गोदो म्हणजे सॅम्युएल बेकेटच्या नाटकातला तोच, कधीही न येणारा. इंजिनाला हे नाव देणारे अर्जेंटिनाचे हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर. त्यांनी ते आधी स्वतःच्या कामासाठी बांधलं आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुलं केलं. हा परवाना जेमतेम तीन परिच्छेदांचा आहे. वापरा, बदला, विका, फक्त मूळ परवान्याची नोंद सोबत ठेवा, एवढंच तो सांगतो. एकदा या परवान्याने दिलेली आवृत्ती परत घेता येत नाही. उद्या प्रकल्प चालवणाऱ्यांची मती फिरली तरी तुमच्या संगणकावरचं गोदो तुमचंच राहतं आणि त्याचा कोड घेऊन दुसरं कुणी पुढे जाऊ शकतं. वैशिष्ट्यांच्या यादीत या गोष्टीला एक ओळही मिळत नाही. हौशी माणसासाठी मात्र तीच पहिली ओळ असायला हवी.

आता बदलाची किंमत. ‘सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल’ ही भीती सर्रास ऐकू येते. ती कितपत खरी, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. युनिटीतून गोदोत आलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी अडखळतो तो असा. युनिटीत वर जाणं म्हणजे वाय या अक्षावर अधिक. गोदोच्या टूडीत वाय खालच्या दिशेने वाढतो. म्हणून गोदो नव्या पात्रासाठी जो नमुना कोड देतं त्यात उडीचा वेग उणे चारशे लिहिलेला असतो. जुन्या सवयीने तिथे अधिक चिन्ह दिलं की पात्र उडी मारायच्या ऐवजी जमिनीलाच चिकटून बसतं. युनिटीत साधारण शंभर पिक्सेलचं एक एकक धरलेलं असतं, गोदोच्या टूडीत एकक म्हणजे सरळ पिक्सेल. त्यामुळे वेग पाच लिहिला तर पात्र हललेलंही दिसत नाही. कोन एकीकडे अंशांत देण्याची सवय, दुसरीकडे कोडमध्ये रेडियन. सर्वांत फसवी चूक वेगाची. युनिटीत पात्र हाताने सरकवताना वेगाला दर वेळी दोन चित्रांमधल्या वेळेने, म्हणजे डेल्टाने, गुणायचं हे अंगवळणी पडलेलं असतं. गोदोत ‘मूव्ह अँड स्लाइड’ ही आज्ञा तो गुणाकार आतल्या आत करते. आपण पुन्हा गुणलं की पात्र साठाव्या हिश्श्याच्या वेगाने रांगतं, आणि माणूस रात्रभर भलतीकडेच चूक शोधत बसतो.

पण या अडखळण्याचा प्रकार लक्षात घ्या. चिन्ह, एकक, कोन, एक चुकीचा गुणाकार. यातलं काहीही आठवड्याभराहून जास्त टिकत नाही. युनिटीतला प्रीफॅब, म्हणजे वस्तूचा पुन्हा पुन्हा वापरायचा साचा, गोदोत सीन म्हणून भेटतो. वस्तूला चिकटवायच्या घटकांच्या जागी झाडासारखी नोडची मांडणी येते. सी शार्पऐवजी जीडीस्क्रिप्ट वापरली तर तिची धाटणी पायथनसारखी, आणि सी शार्प सोडवत नसेल तर तिचीही सोय आहे. उडी हवेत किती वेळ राहिली की हाताला बरी वाटते, शत्रू पडद्यावर येण्याआधी खेळणाऱ्याला किती सावध करायचं, पहिली पातळी कुठे संपवायची, ही जाण मात्र इंजिनात नसतेच. ती माणसासोबत जशीच्या तशी नव्या इंजिनात येते. ‘अंडरटेल’ गेममेकरमध्ये झाला, ‘बलाट्रो’ लव्ह नावाच्या अगदी साध्या चौकटीत लुआ भाषेत लिहिला गेला. दोन्ही साधनांना थ्रीडी इंजिनांच्या तुलनेत कुणी बलाढ्य म्हणणार नाही. खेळणाऱ्यांनी ते कधी विचारलंही नाही.

म्हणजे नवं साधन शिकणं स्वस्त आहे. महाग आहे ते अर्धवट गेम नव्या साधनात नेणं, आणि या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. गेमचा कोड आपोआप एका इंजिनातून दुसऱ्यात जात नाही. चित्रं आणि आवाज जातात, पण पातळ्यांची मांडणी, पात्रांच्या हालचालींची जुळणी, टक्करीचे आकार, मेनू, हे बहुतेक सगळं हाताने पुन्हा करावं लागतं. ‘स्ले द स्पायर’ बनवणाऱ्या मेगा क्रिटने पुढचा भाग युनिटीत बराच पुढे नेला होता, तरी तो सोडून गोदोत नव्याने उभारला. हे उदाहरण अनेकांना स्फूर्ती देतं. पण तो पूर्ण वेळ काम करणारा, पहिल्या गेमच्या कमाईवर उभा असलेला चमू आहे. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ जावास्क्रिप्टच्या फेझर चौकटीतून २०२३ मध्ये युनिटीवर गेला तोही तुफान यश पदरात पडल्यावर. आठवड्याला पाच-सहा तास देणाऱ्या माणसाने तेच केलं तर त्याचे पुढचे कित्येक महिने आधीच जमलेल्या गोष्टी पुन्हा जमवण्यात जातात. पडद्यावर नवं काहीच येत नाही आणि उत्साह आटतो. छंदातले गेम बंद पडतात ते बहुधा याच टप्प्यावर.

म्हणून बदल करायचा तो दोन गेमांच्या मधल्या फटीत. अशी फट गेम जॅमसारख्या स्पर्धेत मिळते. मार्क ब्राउन यांच्या जीएमटीके गेम जॅममध्ये ठरलेल्या थोड्या तासांत, दिलेल्या विषयावर, कोऱ्या पाटीपासून गेम बनवायचा असतो. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे शुल्काच्या घोषणेआधी, तिथल्या साधारण पाचव्या हिश्श्याचे गेम गोदोत झाले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये हा वाटा एक तृतीयांशाच्या पुढे गेला. युनिटी तेव्हाही पुढेच होती, पण अंतर बरंच कमी झालेलं. हजारो गेमांच्या स्पर्धेत वर्षभरात एवढा फरक पडला. कोऱ्या पाटीला मागचं ओझं नसतं आणि गेम फसला तरी मोजकेच दिवस जातात. जॅमला हे शक्य झालं ते त्यामुळेच, असं मला वाटतं.

गोदोच्या भक्तांना न आवडणाऱ्या काही गोष्टी इथे सांगायलाच हव्यात. खुलं साधन म्हणजे स्थिर साधन, असं मुळीच नाही. मार्च २०२३ मध्ये गोदोची चौथी आवृत्ती आली आणि तिसऱ्या आवृत्तीतले प्रकल्प तिच्यात सरळ चालेनात. आज्ञांची नावं बदलली, वागणूक बदलली. चौथ्या आवृत्तीत सी शार्प वापरून ब्राउझरसाठी गेम काढता येत नाही, हा युनिटीतून येणाऱ्यांना बसणारा आणखी एक धक्का. कन्सोलवर गेम न्यायचा तर त्या कंपन्यांचे गोपनीय करार खुल्या प्रकल्पाला मानवत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या व्यावसायिकांची मदत घ्यावी लागते. आणि ज्याला या क्षेत्रात नोकरीच करायची आहे, त्याने युनिटी किंवा अनरिअल ही मोठी इंजिनं सोडून गोदोच्या मागे लागणं शहाणपणाचं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा देखणा थ्रीडी गेम अनरिअलमध्ये केला. तसल्या कामाला आजही तेच साधन साजेसं आहे. पण जुन्या जागी राहिल्याने बदल टळतो, हाही भ्रमच. युनिटीने स्वतःच बू आणि युनिटीस्क्रिप्ट या दोन भाषांचा आधार काढून घेतला आणि त्यात लिहिणाऱ्यांना सी शार्प शिकावी लागली. बदल कुणालाच चुकत नाही, फक्त जुनी आवृत्ती वापरत राहण्याचा हक्क आपल्याकडे आहे का, एवढंच पाहायचं.

मराठीत गेम करू पाहणाऱ्याला मात्र वैशिष्ट्यांच्या यादीतली एक ओळ खरोखर वाचायला हवी, ती अक्षरांची. युनिटीत मजकूर दाखवण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं टेक्स्टमेश प्रो देवनागरीची जुळणी स्वतः करत नाही. ‘शक्ती’ किंवा ‘किल्ला’ असं लिहिलं तर जोडाक्षराचे तुकडे पडतात, पाय मोडलेला क सुटा दिसतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते. त्यासाठी वेगळे उपाय किंवा जोड-सॉफ्टवेअर शोधावं लागतं. गोदोच्या तिसऱ्या आवृत्तीतही हेच रडगाणं होतं. चौथ्या आवृत्तीत मजकुराची यंत्रणा नव्याने बांधली, तिला हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीची जोड दिली, आणि देवनागरी नीट उमटू लागली. मुलांसाठी शब्दकोडं किंवा गोष्ट सांगणारा मराठी गेम करायचा असेल तर एवढ्या एका कारणासाठीही गोदो पाहण्यासारखं आहे.

सर्वांत बोचरा आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. इंजिन बदलणं हा गेम पूर्ण न करण्याचा प्रतिष्ठित बहाणा असतो, असं जुनी मंडळी म्हणतात. यात तथ्य आहे. नवं साधन शिकताना रोज काहीतरी जमतं, तर जुन्या गेमचा शेवटचा कंटाळवाणा भाग, म्हणजे मेनू, चुका, आवाजाचं संतुलन, तसाच पडून राहतो. पण हा आक्षेप बदलाच्या वेळेला लागू पडतो, बदलाला नाही. तेव्हा तुमचा गेम निम्म्याच्या पुढे गेला असेल तर तो आहे त्याच इंजिनात संपवा, मग ते कुणाचंही असो. युनिटीचं ते शुल्क आता नाही आणि तुमच्यासाठी ते कधी नव्हतंही. लोकांच्या हाती तो गेम गेला की मग गोदो उतरवून घ्या. ते जेमतेम शंभर-दीडशे एमबीचं आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, खातंही उघडावं लागत नाही. त्यात पहिला गेम एका पडद्याचा, एका शनिवार-रविवारात संपणारा करा, आणि उडीच्या वेगापुढे उणे चिन्ह द्यायला विसरू नका.